अंदाज, उपकेंद्र करडगाव

जिल्ह्याहून तक्ता आलाय. पुढच्या दहा वर्षांची मागणी
मेगावॅटमध्ये भरून द्या,
दोन दशांश स्थळांपर्यंत, शुक्रवारच्या आत.

आज बुधवार. रात्रपाळी.
टेबलावर लॉगबुक, टॉर्च, फडक्यात ज्वारीची भाकर.
भिंतीवर चार फिडर, चार लाल दिवे :
गावठाण, नदीकाठ, मोंढा, तांडा.
एवढाच माझा देश.
लोकसंख्या नऊ हजार, ढोरं वेगळी.
विजेपैकी काहीच पिकवत नाही हा देश,
सगळी बाहेरून येते, एका तारेवरून,
आणि ती तार तुटली
की मला शिव्या येतात, तीन भाषांत.

आकडे द्या, म्हणतात साहेब.
साहेब, आकडे तर तारेवर लटकलेत.
नदीकाठ फिडरवर परवा मोजले, एकशे सत्तावीस,
माना वाकड्या करून, बगळ्यांसारखे.
त्यांना कुठल्या रकान्यात बसवू?

दिगंबर लोंढ्यांच्या बोअरला गेल्या साली
दोनशे फुटांवर पाणी होतं, पाचाची मोटर पुरायची.
यंदा साडेचारशे. मोटर साडेसाताची,
धार बोटाएवढी.
पाणी जितकं खाली जातं
तितका माझा काटा वर चढतो.
तक्त्यात खोलीचा रकानाच नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : फूट.
मग खोडलं. वरचे लोक भांडण समजायचे.

मागणीचं म्हणाल तर
शबाना गिरणीवालीच्या पोरीला मागणी आली सेलूहून.
पोराच्या खालानं बशीत चहा ओतता ओतता विचारलं,
तुमच्याकडं लाईन किती तास राहते?
शबाना म्हणाली, अठरा.
राहते तेरा.
तेवढ्यात गेली.
अंधारात कुणीतरी हसलं, बहुतेक पोरगीच.
लग्न ठरलं. आता इकडं एक पंखा कमी धरू,
का तिकडं एक फ्रिज जास्त?

माझे चुलते परळीला होते, औष्णिकमध्ये.
धरण आटलं त्या साली संच थांबले.
कोळसा होता, माणसं होती,
पाणी नव्हतं, म्हणून आग नव्हती.
हे ते जेवताना सांगायचे, आणि मग
ताटातलं पाणी तुळशीला घालायचे.

गायरानात आता निळ्या पाट्या उभ्या राहिल्यात.
शेळ्या त्यांच्या सावलीत बसतात.
कंत्राटदार म्हणतो, दोन वर्षांत तुमचं गाव वीज विकंल.
विकंलही. परवा दुपारी एकला
काटा शून्याच्या पलीकडं गेला, उलटा.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
माझ्या देशानं निर्यात केली, तेवीस मिनिटं.
मग ढग आला.
लॉगबुकात उणे चिन्ह काढायला
मी नवा पेन उघडला.

पण संध्याकाळी सातला पाट्या झोपतात
आणि सातलाच सगळ्यांना सगळं पाहिजे,
शेगडी, टीव्ही, पोरांचा अभ्यास,
मिक्सरात शेंगदाण्याची चटणी.
आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवायचे,
दोन-दोन सालं टिकायची, वरून गाडी गेली तरी कळायचं नाही.
विजेचं पेव इथं अजून कुणी खांदलं नाही.
खांदलं, तर दोन दशांशांचं बघू.

एक चाळीसला फोन. तांड्यावरून सेवू राठोडची धुरपती :
थ्री फेज कव्हा सोडता भाऊ?
म्हटलं, दोनला.
म्हणाली, बरं, मग आता झोपतच नाही.

दहाव्या वर्षापुढं ३.८५ लिहिलं.
पाच कशाचे, विचारलं तर सांगता येणार नाही.
कागदाला भाकरीचं तेल लागलंय, तो डाग तसाच राहू दिला.

एक अठ्ठावन्न.
उठलो. हातमोजे घातले.